जमीन जागेवर, फेरफार कागदावर

गोष्ट २६ फेब्रुवारी २००६ ची. रविवार होता. दुसऱ्या दिवशी मराठी भाषा दिन. आमच्या कुडाळच्या शाळेतल्या मुलांनी दरवर्षीप्रमाणे हस्तलिखित तयार केलं होतं, आणि यंदा ते हाताने न लिहिता संगणकावर लिहून छापायचं, असं मी उत्साहाच्या भरात जाहीर करून बसलो होतो. विज्ञानाचा शिक्षक म्हणून संगणक खोलीची किल्ली माझ्याकडे होती. खोलीत आठ जुने संगणक होते. विकतचं सॉफ्टवेअर घेण्याची ऐपत नसल्यामुळे त्यांवर डेबियन नावाचं लिनक्स टाकलेलं होतं. ते फुकट होतं, चांगलं होतं, पण त्यात मराठी अक्षरं दिसत नव्हती. अक्षरांच्या जागी नुसत्या चौकोनी डब्या उमटत.

देवनागरीचे फाँट आणि त्यासाठी लागणाऱ्या आणखी काही वस्तू इंटरनेटवर मिळत होत्या. आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट होतं, ते एवढं ओझं उचलायला तयार नव्हतं. मी डोंबिवलीतल्या एका मित्राला गळ घातली. त्याने त्या सगळ्या फाईली उतरवून, त्यांची एक यादी करून, एक छोटं भांडारच सीडीवर बांधून दिलं. ती सीडी शर्टाच्या खिशात घालून मी कोकणकन्येने कुडाळला उतरलो. जणू पंढरपूरहून प्रसादच आणला होता.

रविवारी सकाळी सीडी संगणकात घातली. संगणकाने यादी वाचली. कोणती पॅकेजं आहेत, कोणाला काय लागतं, सगळं बिनचूक सांगितलं. मी हुकूम दिला, आणि पडद्यावर ओळ आली : फाईल सापडली नाही. दुसरी फाईलही नाही, तिसरीही नाही. फाईली तर सीडीवर होत्या! मला डोळ्यांनी दिसत होत्या. यादीत होत्या, सीडीवरही होत्या, आणि तरी संगणक म्हणत होता की नाहीत. दुपारपर्यंत मी हात टेकले. वर भारनियमनाची वेळ जवळ येत होती.

ही फजिती कशामुळे झाली, ते मला नंतर कळलं. ते समजून घेताना एक मोठा इतिहास हाती लागला. वस्तू कुठे आहे, तिचं नाव काय आणि ती खरी कशावरून, या तीन प्रश्नांचा तो इतिहास आहे. आज तोच सांगावा असं मनात आहे. संगणक न वापरणाऱ्यांनीही कंटाळू नये, कारण हे तीनही प्रश्न आपल्या पोस्टमनला आणि तलाठ्याला चांगले ठाऊक आहेत.

पोस्टापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे खेड्यातला पत्ता म्हणजे खुणांचा खेळ. 'पिंपळाकडून उजवीकडे वळा' असं सांगतात, आणि तो पिंपळ पडून दहा वर्षं झालेली असतात. या गोंधळावर सरकारने १५ ऑगस्ट १९७२ रोजी एक उपाय आणला, तो पिनकोड. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि संस्कृतचे कवीही. कुडाळचा पिनकोड ४१६५२०. यातला पहिला ४ हा आकडा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा सांगतो. पहिल्या तीन आकड्यांवरून टपाल कोणत्या भागात छाटायचं ते कळतं, आणि शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस दाखवतात. गंमत अशी की ४१६ हा आकडा कोल्हापूरचाही आहे. १९७२ साली सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, आपण रत्नागिरीत होतो. १ मे १९८१ ला आपला जिल्हा वेगळा झाला. पण टपालाचा आकडा जिल्ह्याच्या हद्दी पाहून चालत नाही. टपाल कुठून कुठे जाणार, एवढंच तो पाहतो.

संगणकातल्या फाईलीचा पत्ता असाच असतो, फक्त उलट्या क्रमाने. आपण पाकिटावर आधी घर, मग वाडी, गाव, तालुका, जिल्हा लिहितो. संगणक आधी जिल्हा लिहितो, मग तालुका, मग गाव, आणि शेवटी घर. दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ. या पत्त्याला 'पाथ' म्हणतात, म्हणजे वाट. ही तिरकी रेघ युनिक्स या प्रणालीने १९७० च्या सुमारास रूढ केली. तिच्याआधीच्या मल्टिक्स प्रणालीत त्या जागी बाणासारखी खूण होती. पुढे डॉसमध्ये तिरकी रेघ आधीच दुसऱ्या कामाला, आज्ञेचे पर्याय सांगायला, लागलेली होती. म्हणून १९८३ च्या डॉसमध्ये कप्पे आले तेव्हा उलट्या बाजूला झुकलेली रेघ घेतली गेली. विंडोजवर शिकलेला मुलगा लिनक्सवर बसला की पहिले आठ दिवस चुकीच्या बाजूची रेघ मारतो, त्याचं कारण हे.

लिनक्सवर सॉफ्टवेअर 'पॅकेज' या रूपात येतं. पॅकेज म्हणजे एक पुडकं. त्यात कार्यक्रमाच्या फाईली असतात, आणि एक चिठ्ठी असते : माझं नाव हे, आवृत्ती ही, आणि मला चालायला अमुक तमुक शेजारी लागतात. अशी हजारो पुडकी जिथे ठेवलेली असतात ते भांडार, म्हणजे रेपॉझिटरी. आणि भांडारात जाऊन हवं ते पुडकं त्याच्या शेजाऱ्यांसकट आणून लावणारा कारभारी म्हणजे पॅकेज मॅनेजर.

सुरुवातीला हे सगळं फ्लॉपीवर चालायचं. १९९३ साली निघालेल्या स्लॅकवेअर या लिनक्समध्ये फ्लॉपींचे संच असत, त्यांना अक्षरांची नावं असत, आणि पुडक्याचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे, मग टिंब, मग तीन अक्षरं. कारण फ्लॉपी डॉसच्या पद्धतीची. लांब नाव असेल तर ते कापायचं. स्लॅकवेअरने हे कापलेलं नाव थेट २००२ सालापर्यंत वागवलं. डेबियनची स्थापना इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये केली. त्यांच्याकडे नावं लांब होती, पण डॉसवाल्यांची सोय म्हणून यादीत प्रत्येक पुडक्यासाठी आखूड डॉस नावाचाही एक रकाना ठेवलेला होता. एका वस्तूला दोन नावं, जसं शाळेतलं एक आणि घरातलं एक.

कप्प्याच्या नावावर माणसं किती विसंबतात, याचा धडा डेबियनला १९९५ साली मिळाला. आवृत्ती १.० अजून तयार व्हायची होती. पण तिचं काम सुरू असलेली सामग्री भांडारात होती. सीडी विकणाऱ्या एका कंपनीने ती उचलली आणि 'डेबियन १.०' म्हणून सीडीवर छापून विकली. डिसेंबर १९९५ मध्ये डेबियनला जाहीर करावं लागलं की ती खरी १.० नव्हे. १.० हा आकडाच बदनाम झाला. जून १९९६ मध्ये आली ती आवृत्ती १.१. तेव्हापासून कप्प्यांना आकड्यांऐवजी टोपणनावं देण्याची रीत पडली. पहिलं नाव 'बझ', 'टॉय स्टोरी' या चित्रपटातलं. त्या वेळचे डेबियनचे प्रमुख ब्रूस पेरेन्स हे तो चित्रपट करणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. पक्की आवृत्ती कोणती, हे सांगायला 'स्टेबल' नावाची एक पाटी असते, आणि ती पाटी त्या त्या वेळच्या टोपणनावाकडे बोट दाखवते. नवी आवृत्ती तयार झाली की घर हलवायचं नाही, फक्त पाटीचं बोट फिरवायचं.

हा विचार चांगला होता, पण अर्धवट होता. कारण पुडकी अजूनही आवृत्तीच्या कप्प्यातच राहत होती. एखादं पुडकं कच्च्या आवृत्तीतून पक्क्या आवृत्तीत गेलं की त्याला एका कप्प्यातून उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवावं लागे. पुडकं तेच, त्यातला एक शब्दही बदललेला नाही, पण पत्ता बदलला. इथेच अडचण सुरू व्हायची. डेबियनच्या भांडाराच्या हुबेहूब प्रती जगभरातल्या विद्यापीठांत ठेवलेल्या असत. त्यांना 'मिरर' म्हणजे आरसा म्हणतात. त्या आरशाला एवढंच दिसे की जुन्या जागेवरची फाईल नाहीशी झाली आणि नव्या जागेवर एक फाईल उगवली. मग तो जुनी पुसणार आणि 'नवी' पुन्हा पहिल्यापासून उतरवून घेणार. नव्या आवृत्तीच्या वेळी हजारो पुडक्यांचं असं व्हायचं, आणि तेव्हाच्या तारांवर विनाकारण भार पडायचा.

आता आपल्या तलाठ्याकडे या. आजोबांची जमीन वडिलांच्या नावावर झाली, वडिलांची चार भावांच्या नावावर झाली. म्हणून काय कोणी जमीन उचलून दुसऱ्या गावात नेली? जमीन जागेवरच राहते. बदलते ती सातबाऱ्यावरची नोंद. फेरफार कागदावर होतो, मातीत होत नाही. डिसेंबर २००० मध्ये डेबियनने नेमकं हेच केलं. सगळी पुडकी एका सामाईक जागेत आणली. तिला नाव दिलं 'पूल', म्हणजे एकत्र साठा. पुडक्याची जागा एकदा ठरली की आवृत्ती बदलली म्हणून ती हलत नाही. आणि आवृत्ती म्हणजे काय? तर एक यादी. पक्क्या आवृत्तीची एक यादी, कच्चीची एक. दोन्ही याद्यांत एकच पुडकं असलं तर दोघी एकाच जागेकडे बोट दाखवतात. पुडकं एका आवृत्तीतून दुसरीत जाणं म्हणजे यादीत एक ओळ वाढणं. त्याच सुमारास कच्च्या आणि पक्क्या आवृत्तींच्या मधली 'टेस्टिंग' ही चाचणीची पायरी सुरू झाली. पुडकी रोज पुढे सरकत राहणारी ही पायरी या फेरफाराच्या पद्धतीमुळेच परवडली.

त्या साठ्यातली मांडणीही बघण्यासारखी आहे. आधी 'मेन', म्हणजे पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरचा विभाग. मग नावाचं पहिलं अक्षर, मग मूळ पुडक्याचं नाव, आणि मग फाईल. पण एक अडचण होती. इतर कार्यक्रमांना मदत करणारी जी पुडकी असतात, त्यांची नावं 'लिब' या तीन अक्षरांनी सुरू होतात, आणि ती हजारोंनी आहेत. सगळी एल या अक्षराखाली ठेवली तर तो कप्पा फुटायचा. आपल्या टेलिफोन डिरेक्टरीत सावंत आणि परब यांची पानंच्या पानं असायची, तसं. म्हणून 'लिब' नंतरचं चौथं अक्षरही धरून त्यांचे वेगळे कप्पे केले : लिब-ए, लिब-बी, लिब-सी.

दुसरी गोष्ट कुळाची. फायरफॉक्सचं मराठी भाषांतर हे वेगळं पुडकं आहे, त्याच्या नावाच्या शेवटी मराठीची खूण म्हणून एम आणि आर ही अक्षरं असतात. पण ते एम खाली सापडणार नाही. ते एफ खाली, फायरफॉक्सच्याच कप्प्यात असतं, कारण ते त्याच मूळ सामग्रीपासून जन्मलेलं. याउलट मराठी शुद्धलेखन तपासणारं आस्पेलचं पुडकं स्वतःच्या नावाच्या कप्प्यात राहतं, कारण त्याचं मूळ वेगळं. म्हणून साठ्यात कप्पे चाळून वस्तू शोधायची नसते. यादी वाचायची, यादीत लिहिलेल्या वाटेने जायचं.

ही यादी वाचणारा कारभारी म्हणजे 'ॲप्ट'. डेबियनच्या मार्च १९९९ च्या आवृत्तीबरोबर तो लोकांच्या हाती आला. त्याच्याकडे एक छोटी वही असते. वहीत एका ओळीत भांडाराचा पत्ता, आवृत्तीचं नाव आणि विभाग एवढंच लिहायचं. बाकीची वाट तो स्वतः जोडतो. आणि यादीतले पत्ते सगळे अर्धे असतात, म्हणजे भांडाराच्या दारापासून पुढचे. दार कुठेही असू दे. जर्मनीतल्या संगणकावर, मुंबईतल्या कॉलेजात, सीडीवर, नाहीतर खिशातल्या पेनड्राइव्हवर. दाराचा पत्ता वहीत बदलला की झालं, आतली वाट तीच. सीडीची चळत असली तर ॲप्ट लेबल वाचून सांगतो की अमुक नावाची चकती टाका. डेबियनची २००५ ची 'सार्ज' ही आवृत्ती डझनाहून अधिक सीडींवर यायची. त्यामुळे आमच्यासारख्यांना हे फार उपयोगी होतं.

रेड हॅटच्या घराण्यात पुडकी वेगळी, १९९५ पासूनची आरपीएम नावाची, पण गरज तीच. तिथे ड्यूक विद्यापीठात सेठ विडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'यम' हा कारभारी घडवला. त्याच्या नावाचा आपल्या यमाशी काही संबंध नाही, ते एका लांब इंग्रजी नावाचं आखूड रूप आहे. तिथेही भांडारात एक यादी, यादीत पुडक्यांच्या अर्ध्या वाटा, आणि दाराच्या पत्त्यात आवृत्तीच्या आकड्यासाठी मोकळी जागा, जी संगणक स्वतः भरतो. दोन घराणी स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोचली.

आता माझ्या सीडीकडे येतो. माझ्या मित्राने सगळं बरोबर केलं होतं, फक्त सीडी लिहिणारं सॉफ्टवेअर जुन्या डॉसच्या पद्धतीवर ठेवलेलं राहिलं होतं. त्या पद्धतीत नाव आठ अक्षरांचं. लांब नावं त्याने कापली, आडव्या रेघा बदलून खालच्या रेघा केल्या, आणि जिथे दोन नावं कापल्यावर सारखी झाली तिथे शेवटी आकडे चिकटवले. आणि यादीची फाईल? तिचं इंग्रजी नाव 'पॅकेजेस'. मोजून बघा, रोमन लिपीत त्याची नेमकी आठ अक्षरं होतात. म्हणून ती कापली गेली नाही. तिचं पहिलं मोठं अक्षर लहान झालं होतं. तेवढं मी हार्ड डिस्कवर उतरवून दुरुस्त केलं आणि समजलो की सगळं ठीक आहे. सातबारा शाबूत होता, पण गावातल्या प्रत्येक घराची पाटी रात्रीत कोणीतरी बदललेली होती. यादी ज्या नावाने हाक मारत होती, त्या नावाचं तिथे कोणी नव्हतं.

दुपारी नववीतली एक मुलगी हस्तलिखिताच्या कविता घेऊन आली. मी कपाळाला हात लावून बसलेला. मी तिला सगळं सांगितलं, खरं म्हणजे स्वतःशीच बोललो. ती म्हणाली, "सर, भायरचां नाव बदललां म्हणान काय झालां? आतली वस्तू तीच आसा मां?"

तिला डेबियनचं काही माहीत नव्हतं. पण तिने बरोबर जागेवर बोट ठेवलं. यादी वाचून वस्तू शोधणारा कारभारी वेगळा आणि वस्तू उघडून बसवणारा कामगार वेगळा. त्या कामगाराचं नाव डीपीकेजी, तो ॲप्टच्याही आधीचा, १९९४ पासूनचा. तो पुडक्यावरचं बाहेरचं नाव बघतच नाही. पुडकं फोडतो, आतली चिठ्ठी वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो. मी ॲप्टला बाजूला ठेवलं आणि कापलेल्या नावांची ती सगळी पुडकी थेट डीपीकेजीच्या हातात दिली. त्याने मुकाट्याने बसवली. वीज जाईपर्यंत आठांपैकी तीन संगणक झाले. तीन पुरले. सोमवारी हस्तलिखिताची पहिली प्रत निघाली. मुखपृष्ठावर मुलांची नावं देवनागरीत होती.

पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली नव्हती, ती मी पुढे शिकलो. आतली चिठ्ठी वाचून विश्वास ठेवायचा, हे माझ्या मित्राच्या सीडीपुरतं ठीक. अनोळखी माणसाने दिलेल्या सीडीतल्या चिठ्ठीवर का विश्वास ठेवावा? वस्तू कुठूनही आणता येते, तर ती खरी कशावरून? याचं उत्तर डेबियनने एप्रिल २००७ च्या 'एच' या आवृत्तीपासून सर्वांसाठी लागू केलं. यादीत प्रत्येक पुडक्याच्या वाटेबरोबर त्याचा आकार आणि त्याचा अंगठा असतो. अंगठा म्हणजे फाईलीच्या मजकुरावरून काढलेली एक लांबलचक संख्या. एक अक्षर बदललं तरी ती पूर्ण बदलते. या याद्यांचे अंगठे 'रिलीज' नावाच्या एका वरच्या कागदावर असतात, आणि त्या कागदावर भांडार चालवणाऱ्यांची सही असते. सातबाऱ्यावर कितीही लिहिलं तरी फेरफार मंडळ अधिकाऱ्याच्या सहीशिवाय प्रमाणित होत नाही, तसं. विश्वास सहीवर ठेवायचा. वस्तू कोणत्या वाटेने आली, याला मग महत्त्व उरत नाही.

इंटरनेट नसलेल्या माणसाला ही फार मोठी मोकळीक होती. रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने याच गरजेतून 'ॲप्ट-ऑफलाइन' हे साधन बनवलं. आपला संगणक काय काय हवं त्याचे पत्ते एका चिठ्ठीत लिहून देतो. ती चिठ्ठी पेनड्राइव्हवर घालून इंटरनेट असलेल्या कुठल्याही संगणकाकडे न्यायची. तो सगळ्या वस्तू आणून एका गाठोड्यात बांधतो. गाठोडं घरी आणून सोडायचं. बाजारहाटाची यादी देऊन कोणाला तरी कणकवलीला पाठवावं, तसं. वाटेत गाठोडं कितीही हातांतून गेलं तरी हरकत नाही. अंगठा जुळला नाही तर संगणक ते घेतच नाही.

मात्र पत्ता ही साधी गोष्ट नाही. नावात चालणारी खूण पत्त्यात चालेलच असं नाही. ॲप्ट भांडाराची यादी आपल्या संगणकावर ठेवताना फाईलीला भांडाराचा संपूर्ण पत्ताच नाव म्हणून देतो. पण फाईलीच्या नावात तिरकी रेघ घालता येत नाही, म्हणून प्रत्येक तिरक्या रेघेच्या जागी खालची रेघ घालतो. काही पुडक्यांच्या आवृत्तीच्या आकड्यात विसर्गासारखी दोन टिंबं येतात. विंडोजच्या डिस्कवर ती खूण नावात चालत नाही. म्हणून साठ्यातल्या नावातून ती गाळलेली असते, आणि आपल्या संगणकावर उतरवलेल्या प्रतीच्या नावात तिच्याऐवजी टक्क्याची खूण, तीन आणि ए असं सांकेतिक लिहिलेलं असतं.

या सांकेतिक लिखाणातूनच जानेवारी २०१९ मध्ये एक धोका उघडकीस आला. मॅक्स जस्टिच या संशोधकाला तो सापडला. भांडार कधी कधी म्हणतं, वस्तू इथे नाही, अमुक पत्त्यावर जा. ॲप्ट तो नवा पत्ता उलगडून आपल्याच आतल्या सहकाऱ्याला कळवत असे. पत्त्यात जर सांकेतिक रूपात 'नवी ओळ' ही खूण दडवली, तर उलगडल्यावर पत्त्याच्या पुढे आणखी ओळी तयार होत, आणि त्या ओळींत लबाड माणसाला लिहिता येई : वस्तू मिळाली, अंगठा तपासला, बरोबर आहे. म्हणजे पत्त्याच्या चिठ्ठीवरच खोटी पोचपावती! ज्या अंगठ्यावर सगळा भरवसा, त्याचीच ही फसवणूक. २२ जानेवारी २०१९ ला दुरुस्ती निघाली. पत्ता हा फक्त पत्ता म्हणूनच वाचायचा, त्यातलं काहीही हुकूम किंवा निरोप म्हणून ऐकायचं नाही, हा त्यातला धडा.

आणखी एक प्रसंग सांगतो. २०१० च्या सुमारास मी त्या जुन्या संगणकांपैकी एकावर नवीन काहीतरी बसवायला गेलो, आणि उत्तर आलं ४०४, म्हणजे पत्त्यावर कोणी नाही. सार्ज ही आवृत्ती निवृत्त झाली होती, आणि निवृत्त आवृत्त्या डेबियन मुख्य भांडारातून काढून वेगळ्या जुन्या दफ्तरात ठेवतं. मी वहीतला दाराचा तेवढा पत्ता बदलला. आतली वाट होती तशीच होती, आणि वस्तू हाती आली. सगळ्यांचं असं सहज होत नाही. सेंटओएस ७ या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, तेव्हा अनेक कचेऱ्यांतल्या यंत्रांना सकाळी उठून कळलं की ज्या नाक्यावर आपण भांडाराचा पत्ता विचारायचो तो नाकाच बंद झालाय. वस्तू होत्या, जुन्या दफ्तरात नीट जपलेल्या. पण वहीतला पत्ता कोणी बदलला नव्हता.

डेबियनमध्ये आज जवळजवळ ७० हजार पुडकी आहेत. ही व्यवस्था कोणत्याही एका कंपनीची नाही. साठा कुठल्या संस्थेने सांभाळायचा, आरसा कोणी ठेवायचा, यादीवर सही कोणी करायची, हे जगभरच्या स्वयंसेवकांनी आपसात ठरवलेलं आहे. त्यात मराठी माणसांचाही हातभार आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये 'लेनी' ही आवृत्ती आली, तेव्हा डेबियन बसवतानाच्या भाषांत मराठीची प्रथमच भर पडली. तोवर त्या आठ संगणकांतले तीन मोडीत निघाले होते. उरलेल्यांपैकी एकावर मी लेनी बसवायला घेतली. आधी भाषा निवडायची असते. यादीत 'मराठी' हा शब्द होता, मराठीतच लिहिलेला. तो निवडला, आणि पुढचा प्रश्न संगणकाने आम्हाला आपल्या भाषेत विचारला. त्याच्या तीन वर्षं आधी त्याच पडद्यावर आम्हाला चौकोनी डब्या दिसल्या होत्या.

ती मित्राची सीडी मी अजून टाकलेली नाही. तिच्यावरची सगळी नावं कापलेली आहेत, आणि आतली एकही वस्तू आज कोणाच्या उपयोगाची नाही. पण जुनी दफ्तरं चाळताना, घराचे कागद लावताना, आणि हल्ली संगणकात फोटो साठवताना मला ती आठवते. आपण वस्तू जपतो आणि यादी करायची राहून जाते, नाहीतर यादी जपतो आणि वस्तूची नावं बदलून टाकतो. दोन्हींत नंतर शोधणारा रिकाम्या हाताने परततो. घरातल्या फोटोंच्या कप्प्यांना सवडीने नावं देऊ असं तुम्हीही म्हणत असाल, तर या रविवारी एवढं करा : नावं एकदाच नीट द्या, मग ती बदलू नका. फेरफार करायचाच तर तो यादीवर करा.